मेंढीचं खाणं आणि लोकर: कुरणापासून कातरणीपर्यंत काय बघायचं, किती घालायचं

कातरणी झाली आणि लोकर कमी भरली, किंवा भरली पण हातात घेतल्यावर पटापट तुटायला लागली, की पहिला संशय जातो जातीवर, मग हवामानावर, मग कातरणाऱ्याच्या हातावर. खाण्यावर सगळ्यात शेवटी. आणि बहुतेक वेळा गडबड तिथेच असते. लोकर रोज थोडी थोडी वाढते, त्यामुळे ज्या दिवसांत पोटात कमी गेलं त्या दिवसांचा तुकडा बारीक आणि कमजोर निघतो, आणि नंतर कितीही खुराक घातला तरी आधीच बाहेर आलेला तुकडा काही जाड होत नाही. त्यामुळे तीन महिने भरपूर आणि बाकी वर्षभर जेमतेम, यापेक्षा बेताचं पण बारा महिने सारखं खाणं लोकरीसाठी कधीही चांगलं. खालचं सगळं त्याच हिशोबाने लिहिलंय.

आधी लोकरीलाच विचारा

चारा-खुराक बदलायच्या आधी एक छोटी टेस्ट करा, पैसे लागत नाहीत. मेंढीच्या कुशीवरची, बरगड्यांच्या मधली पेन्सिलीएवढी जाड बट मुळापासून कापून घ्या. दोन्ही टोकं दोन हातांच्या चिमटीत घट्ट धरा, ताणा, कानाजवळ न्या आणि मधल्या बोटाने टिचकी मारा. चांगली लोकर तारेसारखी टण् वाजते. कमजोर लोकर चर्र आवाज करते आणि जरा जोर लावला की एका ठरावीक जागी तुटते. ती जागा महत्त्वाची. बट आठ सेंटीमीटर असेल, लोकर वर्षभराची असेल आणि मुळापासून चार सेंटीमीटरवर तुटत असेल, तर साधारण सहा महिन्यांपूर्वी काहीतरी झालेलं आहे: चारा आटला असेल, ताप येऊन गेला असेल, नाहीतर मेंढी व्यायली असेल आणि दुधाच्या ताणात खाणं पुरलं नसेल. वाढ बाराही महिने एकाच वेगाने होत नाही म्हणून तारीख अचूक निघत नाही, पण हंगाम नक्की कळतो. सात-आठ मेंढ्यांच्या बटा बघा, सगळ्यांच्या एकाच जागी तुटल्या तर दोष मेंढीचा नाही, चाऱ्याचा आहे.

एक गंमत अशी की उपाशी मेंढीची लोकर बारीक येते, आणि बारीक म्हणजे चांगली असं समजून लोक खूश होतात. पण हा बारीकपणा भुकेचा असतो, त्यात ताकद नसते आणि वजनही नसतं.

मग पाठीवर हात ठेवा

लोकरीने भरलेली मेंढी लांबून नेहमी धष्टपुष्टच दिसते, डोळ्यावर विश्वास ठेवू नका. शेवटच्या बरगडीच्या मागे, कमरेवर हात ठेवा. मधला कणा आणि बाजूला निघालेली आडवी हाडं बोटांनी चाचपा. हाडं टोकदार लागली आणि बोटं खालून आत सरकली तर १ ते २ गुण, हाडं गोलसर लागली आणि दाबल्यावरच टोक कळलं तर ३, हाड सापडतच नसेल तर ४-५. हाच तो बॉडी कंडिशन स्कोअर. रेतनासाठी कळपात मेंढा सोडताना ३ ते ३.५ असावा, व्यायच्या वेळी ३ च्या आसपास, दूध तोडताना २ ते २.५ पर्यंत उतरला तर ते चालतं, पण त्याखाली गेला तर पुढच्या वेताचा आणि लोकरीचा दोन्हीचा घात. महिन्यातून एकदा कळपातल्या दहा-पंधरा मेंढ्यांवर हात फिरवून आकडे लिहून ठेवले तरी पुरे, त्याला फार वेळ लागत नाही.

किती खायला लागतं

हिशोब हिरव्या वजनावर करायचा नाही, ड्राय मॅटरवर करायचा, म्हणजे चाऱ्यातलं पाणी वगळून जे उरतं त्यावर. रिकामी मेंढी (गाभण नाही, पाजतही नाही) वजनाच्या साधारण २ टक्के ड्राय मॅटरवर निभावते, गाभणकाळाच्या शेवटी ३ च्या आसपास जाते, दूध पाजताना ३.५ ते ४ टक्के. ४० किलोची मेंढी आणि ३ टक्के धरले तर रोज १.२ किलो. आता कोवळ्या हिरव्या चाऱ्यात ड्राय मॅटर २० टक्के धरला तर तेवढ्यासाठी ६ किलो हिरवा चारा लागतो, आणि वाळलेल्या गवतात ९० टक्के असतं म्हणून तिथे १ किलो ३०० ग्रॅमच्या आसपास पुरतं. लोक इथेच फसतात, ढीग बघून वाटतं की खूप घातलं, पण त्यातलं पाच भागांतलं चार भाग पाणी.

पण पोट भरणं आणि पोषण मिळणं यात फरक आहे. कोवळ्या पानातलं ७० टक्क्यांच्या वर पचतं, तर गवत बी धरून वाळलं की ते चाळिशीपर्यंत खाली येऊ शकतं. असा चारा कोठीपोटात (मेंढीच्या चार कप्प्यांच्या पोटातला पहिला, मोठा कप्पा) पडून राहतो, लवकर खाली सरकत नाही, त्यामुळे मेंढी पोट टम्म भरलेलं असूनही उपाशी असते. लेंड्या कडक, कोरड्या, काडीकाडीच्या दिसायला लागल्या की समजा चारा जरठ झालाय आणि प्रोटीन कमी पडतंय.

कुरण मोजायचं कसं

अंदाजपंचे चराई केली की पहिले पंधरा दिवस मजा आणि नंतर मेंढ्या माती चाटतात. त्यापेक्षा मोजा. अर्धा मीटर बाय अर्धा मीटर अशी चौकट करा, कुरणात सात-आठ ठिकाणी (चांगल्या जागा निवडून नव्हे, चालता चालता जिथे पडेल तिथे) टाका, आतलं गवत जमिनीलगत कापा, कडक वाळवा आणि वजन करून सरासरी काढा. समजा सरासरी ४० ग्रॅम आली. एकरात अशा सुमारे १६,००० चौकटी बसतात, म्हणजे एकरी साधारण ६४० किलो सुकं गवत. त्यातलं अर्धंच मेंढीचं, बाकी अर्धं जमिनीचं, कारण पान उरलं तरच गवत परत उभं राहतं. राहिले ३२० किलो. ३० मेंढ्या रोज ३६ किलो खातात, म्हणजे एक एकर साधारण नऊ दिवस.

आता हे नऊ दिवस सलग एकाच जागी काढायचे नाहीत. एकराचे तीन तुकडे करा, प्रत्येकात तीन दिवस. असे पाच एकर असतील तर पंधरा तुकडे होतात, पंचेचाळीस दिवसांचं चक्र होतं आणि प्रत्येक तुकड्याला बेचाळीस दिवस विश्रांती मिळते. पाऊस चांगला असेल तर गवत त्याआधीच तयार होतं, कोरड्यात बेचाळीस दिवसही कमी पडतात, तेव्हा कॅलेंडरपेक्षा गवत बघून ठरवा. मेंढी फार बुडाशी चरते, ओठ दुभंगलेला असल्याने जमिनीला चिकटून कुरतडते, म्हणून गवत चार-पाच सेंटीमीटरपर्यंत आलं की कळप हलवा.

तीन दिवसांच्या आकड्यामागे अजून एक कारण आहे, जंत. गोल जंतांची अंडी लेंडीतून कुरणात पडतात, उबदार आणि दमट हवेत चार ते सात दिवसांत त्यातून रोग लावणाऱ्या अळ्या तयार होतात आणि गवताच्या खालच्या पाच-सात सेंटीमीटरमध्ये बसतात. चार दिवसांच्या आत कळप पुढे गेला तर मेंढी आपल्याच ताज्या अळ्या खात नाही. आणि बुडापर्यंत चरू दिलं नाही तर जुन्या अळ्याही कमी पोटात जातात. एका नियमात चारा आणि तब्येत दोन्ही सांभाळलं जातं.

कुरणात काय असावं, काय नसावं

नुसत्या गवतापेक्षा गवत आणि शेंगवर्गीय चारा यांचं मिश्रण चांगलं, लसूणघास, बरसीम, क्लोव्हर, स्टायलो, जे हवेला जमेल ते. प्रोटीन वाढतं आणि जमिनीला नत्रही मिळतं. पण उपाशी कळप सकाळी दवाने ओल्या लसूणघासात सोडला तर पोटफुगीने दोन तासांत मेंढी आडवी होऊ शकते. आधी सुका चारा खाऊ घाला, दव उडू द्या, पहिले काही दिवस अर्धा तासच सोडा.

सुबाभूळ प्रोटीनला उत्तम म्हणून लोक भरमसाट घालतात आणि मग लोकर मुठीमुठीने गळायला लागली की गोचीड शोधत बसतात. सुबाभळीत मिमोसिन नावाचा पदार्थ असतो, तो लोकरीच्या मुळाशी पेशींची वाढच थांबवतो, इतका की कातरणीऐवजी तो देऊन लोकर उतरवता येते का यावर प्रयोगही झालेत. एकूण चाऱ्याच्या एक तृतीयांशाच्या वर नकोच. कोवळी किंवा पाण्याच्या ताणातली ज्वारी आणि तोडणीनंतरची तिची फूट यात सायनाइड तयार होतं, तिथे कळप सोडायचाच नाही. घाणेरीने कावीळ होते आणि उन्हात कातडी सोलते, दुष्काळात दुसरं काही हिरवं नसलं की मेंढी तिलाही तोंड लावते म्हणून तेव्हा जास्त लक्ष ठेवा.

आणि कुसळं! गवत बी धरून कुसळं टाकायला लागलं की ती लोकरीत रुततात, काही आरपार कातडीत जातात, गोखरू तर वेगळाच ताप. अशी लोकर साफ करायला खर्च येतो म्हणून भाव पडतो. ते कुरण कुसळं यायच्या आधी चारून घ्या किंवा कापून वाळवून ठेवा. गव्हाणही डोक्याच्या वर टांगू नका, ओढताना भुसा मानेवर पडतो आणि मानेची चांगली लोकर कचऱ्यात जाते. तोंडाच्या उंचीची गव्हाण बरी.

प्रोटीन, आणि त्यातलं गंधक

लोकर म्हणजे केराटिन, जवळपास सगळं प्रोटीनच, आणि त्यात ३ ते ४ टक्के गंधक असतं जे सिस्टीन या अमिनो आम्लातून येतं. इथे एक अडचण आहे. तुम्ही मेथिओनिनसारख्या गंधकयुक्त अमिनो आम्लाची पावडर चाऱ्यात मिसळून दिली तर कोठीपोटातले जंतू ती मोडून टाकतात, लोकरीपर्यंत फार थोडी पोचते. १९६० च्या दशकात ऑस्ट्रेलियात गंधकयुक्त अमिनो आम्लं थेट चौथ्या पोटात सोडून बघितली तेव्हा लोकरीची वाढ चांगलीच वाढली. आपण काही नळी घालून बसणार नाही, पण त्यातून कळतं ते असं की कोठीपोटात न मोडता पुढे जाणारं प्रोटीन लोकरीला लागतं. सरकी पेंडीसारख्या पेंडीतलं बरंच प्रोटीन असं पुढे सरकतं, म्हणून थोडी पेंड लोकरीवर लगेच दिसते. लगेच म्हणजे दोन-तीन महिन्यांनी हां, आठवड्यात फरक बघायला जाऊ नका.

प्रोटीनचं प्रमाण ड्राय मॅटरवर धरायचं: रिकाम्या मेंढीला ८ ते १० टक्के, गाभणकाळाच्या शेवटी ११-१२, दूध पाजणाऱ्या मेंढीला १३ ते १५, वाढत्या कोकराला १४ ते १६. उन्हाळ्यातल्या काड्यांमध्ये बऱ्याचदा ४-५ टक्केच असतं, म्हणजे चारा पचवणाऱ्या जंतूंनाच खायला नाही तर मेंढीला कुठून मिळणार.

अशा वेळी युरिया प्रक्रिया केलेला भुसा कामाला येतो. १०० किलो सुक्या भुश्याला ४ किलो युरिया सुमारे ५० लिटर पाण्यात विरघळवून थर लावत शिंपडायचा, दाबायचा, प्लास्टिकने हवाबंद करून २१ दिवस ठेवायचा, आणि खाऊ घालायच्या आधी तासभर पसरून वास उडू द्यायचा. युरियाचं पाणी मेंढीच्या तोंडी जाईल असं कुठेही उघडं ठेवू नका, उपाशी मेंढीला एकदम देऊ नका, लहान कोकरांना तर मुळीच नाही. आणि युरिया देत असाल तर गंधकही हवं, नत्र १० भाग तर गंधक १ भाग या बेताने, नाहीतर जंतू लोकरीच्या कामाचं प्रोटीन बनवू शकत नाहीत.

गाभण मेंढी म्हणजे दोन लोकरींचा प्रश्न

हा भाग सगळ्यात जास्त दुर्लक्षित आहे. गाभणकाळ साधारण १५० दिवसांचा. कोकराच्या कातडीत लोकरीची मुख्य मुळं पोटात असतानाच अर्ध्या वाटेवर तयार होतात, पण बारीक आणि दाट लोकर ज्या दुय्यम मुळांतून येते ती शेवटच्या दोन महिन्यांत तयार होतात आणि जन्मानंतरच्या पहिल्या काही महिन्यांत पक्की होतात. त्या काळात आई उपाशी राहिली तर त्या कोकराच्या अंगावर मुळंच कमी राहतात, आयुष्यभर. पुढे त्याला कितीही खाऊ घाला, लोकर कमी आणि थोडी जाडीच येणार. चांगल्या मेंढ्याचं पिल्लू असूनही लोकर का नाही, याचं उत्तर अनेकदा इथे असतं.

शिवाय कोकराच्या वजनातली साधारण ७० टक्के वाढ शेवटच्या सहा आठवड्यांत होते, आणि नेमकं तेव्हाच गर्भाशयाने पोटातली जागा अडवलेली असते, मेंढी मोठा ढीग खाऊच शकत नाही. म्हणून या सहा आठवड्यांत चाऱ्याचं वजन नाही तर दर्जा वाढवा: हळूहळू वाढवत रोज २०० ते ४०० ग्रॅमपर्यंत खुराक (धान्य-पेंड), जुळी असतील तर थोडा जास्त, दोन वेळेत विभागून. जुळी असलेली मेंढी कळपापासून बाजूला उभी राहायला लागली, खाणं सोडलं, दात खाते, दिसत नसल्यासारखी धडकते, तर तो गाभणकाळातला किटोसिस (खाणं कमी पडल्याने होणारा आजार) असू शकतो, डॉक्टरांना त्याच दिवशी बोलवा, उद्यावर टाकू नका.

व्याल्यावर चीक पहिल्या दोन तासांत पाजायचाच, आणि २४ तासांत कोकराच्या वजनाच्या १० टक्क्यांच्या आसपास गेला पाहिजे, म्हणजे चार किलोच्या कोकराला ४०० मिली. मेंढीचं दूध तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात सगळ्यात जास्त असतं, तिचा खुराक तोपर्यंत कमी करू नका. या काळात तिची स्वतःची लोकर मंदावणारच, ते पूर्ण टाळता येत नाही, बट तुटण्याइतकी मंदावू नये एवढंच बघायचं.

खुराक कुणालाही द्या, एकदम वाढवायचा नाही. रोज ५०-१०० ग्रॅमपासून सुरुवात आणि दोन-तीन आठवड्यांत हळूहळू वर. धान्याचं पोतं फुटून मेंढ्यांनी पोटभर खाल्लं की कोठीपोटात आम्ल साठतं, वाचली तरी ताप आणि उपासाने लोकरीत तुटीची जागा पडते, कधी कधी पूर्ण लोकरच सुटून येते. धान्य-कोंडा जास्त झाल्यावर नरांना मुतखडाही होतो कारण त्यात फॉस्फरस जास्त, म्हणून कॅल्शियम फॉस्फरसच्या दुप्पट राहील असं बघा.

खनिजं आणि पाणी

सगळ्यात महत्त्वाचं: गाई-म्हशींचं मिनरल मिक्श्चर मेंढीला घालू नका. त्यात तांबं जास्त असतं आणि मेंढीचं लिव्हर ते साठवत जातं, महिनोन् महिने काही दिसत नाही, मग एखाद्या ताणाच्या दिवशी एकदम रक्तपेशी फुटतात, लघवी लाल-काळी होते आणि मेंढी दगावते. मेंढीसाठीचंच मिश्रण घ्या. उलट तांबं कमी पडलं तर लोकरीची नैसर्गिक कुरळी लाट जाते, ती सरळ, तारेसारखी चकाकते, काळ्या मेंढीच्या लोकरीत फिकट पट्टे येतात, आणि कोकरं मागच्या पायांनी लटपटतात. दोन्हीकडे धोका आहे म्हणून तांबं अंदाजाने द्यायचं नाही, शंका असेल तर तपासणी करूनच.

जस्त कमी असलं तर कातडी जाड होते, भेगा पडतात, लोकर गळते. कोबाल्ट नसलं तर पोटातले जंतू बी-१२ बनवू शकत नाहीत, मग भरल्या कुरणातही मेंढी खंगते आणि डोळ्यांतून पाणी येतं. आयोडीन कमी असेल तर कोकरं गळ्याला गाठ घेऊन, कधी अंगावर लोकर नसलेली जन्मतात. मीठ कायम समोर ठेवा. पाणी रिकाम्या मेंढीला रोज २ ते ४ लिटर, पाजणाऱ्या मेंढीला त्याच्या दुप्पट तरी, उन्हात अजून. टाकीत शेवाळ आणि लेंड्या असतील तर मेंढी पाणी कमी पिते, पाणी कमी तर चारा कमी, हे सरळ गणित आहे.

जंत बघायची जागा: डोळा

खालची पापणी ओढून आतला रंग बघा. लालभडक म्हणजे १, पांढरटफटक म्हणजे ५. ही फामाचा नावाची पद्धत, दक्षिण आफ्रिकेतून आलेली. ४ आणि ५ वाल्यांना औषध द्या, ३ वाल्यांचा विचार करा, १-२ वाल्यांना सोडून द्या. सगळ्या कळपाला सरसकट पाजत राहिलं की औषध लागू न पडणारे जंतच मागे उरतात आणि पुढे कुठलंच औषध चालत नाही. ही पद्धत फक्त रक्त पिणाऱ्या हिमॉन्कस जंतासाठी आहे, बाकीच्यांसाठी लेंडी तपासावी लागते. जबड्याखाली पाण्याची सूज दिसली तर वाट बघू नका. दलदलीच्या कडेला, जिथे पाणगोगलगायी असतात, तिथे चारत असाल तर लिव्हर फ्लूकचाही (यकृतातला चपटा जंत) विचार हवा. आणि हो, जंतांमुळे पोटातून प्रोटीन गळून जातं, तेव्हा लोकरीसाठी पेंड घालायच्या आधी डोळे तपासा, नाहीतर ती पेंड जंतांच्याच पोटात.

कातरणी कधी

टंचाईचा काळ दरवर्षी ठरलेलाच असतो, तो टाळता येत नसेल तर निदान कातरणी त्याच्याशी जुळवा. कमजोर जागा बटेच्या मधोमध आली की ओढताना लोकरीचे दोन आखूड तुकडे होतात, पण कातरणी टंचाईच्या शेवटी केली तर तीच जागा बुडाशी येते आणि वरची सगळी लांबी शाबूत राहते. खर्च शून्य, फक्त तारीख बदलायची. मात्र कातरल्यावर थंडी असेल तर मेंढीला अंग गरम ठेवायला बरंच जास्त लागतं, पहिले दोन आठवडे चारा वाढवा आणि पावसात भिजू देऊ नका.

लोकर गळत असेल तर आधी एवढं बघा: मेंढी अंग घासते, चावते, कातडी लाल आहे, तर खरूज किंवा उवा. खाज अजिबात नाही आणि लोकर पट्ट्यांनी अलगद निघून खालून नवीन बारीक लोकर दिसते, तर मागच्या दीड-दोन महिन्यांत ताप, उपास किंवा धान्याचा झटका येऊन गेलाय. एकमेकींची लोकर ओढून खातायत, तर गोठ्यात गर्दी आहे किंवा काडीचा चारा कमी पडतोय, सुकं लांब गवत वाढवा आणि जागा मोकळी करा. ही तिन्ही कारणं नसतील आणि तरीही गळती थांबत नसेल, तर कातडीचा आणि रक्ताचा नमुना डॉक्टरांकडे पाठवा.